कीर्ती कोणाची, स्मरण कोणाचे?

ट्रॉयचे युद्ध खरोखर झाले काय, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे युरोपातील विद्वानांना आणि हौशी संशोधकांना सारखाच झपाटून राहिला आहे. हाइनरिश श्लीमान हा जर्मन व्यापारी होमरवरील श्रद्धेपोटी आजच्या तुर्कस्तानातील हिसार्लिक टेकडीवर गेला आणि १८७० साली त्याने तेथे उत्खनन आरंभिले. १८७३ साली त्याच्या हाती सोन्याचा ठेवा लागला. हाच राजा प्रायमचा खजिना, असे त्याने जगाला सांगून टाकले. पुढे सिद्ध झाले ते असे की, हा ठेवा प्रायमचा काळ म्हणून जो मानला जातो त्याहून हजार वर्षांहून अधिक जुना आहे. १८७६ साली मायसीनी येथील थडग्यांत सोन्याचा मुखवटा मिळाला, तो अगमेम्नॉनचा म्हणून गाजला. तोही तीन-चार शतकांनी आधीचा निघाला. श्लीमानची श्रद्धा दांडगी होती, पण कालगणना तिच्या मागे फरफटत जात असे.

त्याच्यानंतर डर्पफेल्ड, मग १९३२ ते १९३८ या काळात अमेरिकन संशोधक कार्ल ब्लेगन आणि १९८८ पासून मानफ्रेड कोर्फमान यांनी त्याच टेकडीचे थर शिस्तीने उलगडले. दुसऱ्या बाजूने हित्ती साम्राज्याच्या दप्तराने साक्ष दिली. इ. स. पूर्व तेराव्या शतकातील या मातीच्या दप्तरात विलुसा नावाचे राज्य आहे, समुद्रापलीकडील अह्हियावा नावाची सत्ता आहे आणि विलुसाचा अलाक्सांडू नावाचा राजा हित्ती सम्राटाशी करार करीत आहे. विलुसा म्हणजे इलिऑस अर्थात ट्रॉय, आणि अह्हियावा म्हणजे होमरचे अकीयन लोक, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. तेव्हा नगर होते, तटबंदी होती, त्या किनाऱ्यावर ग्रीकांचा वावर आणि संघर्षही होता. मात्र एका स्त्रीसाठी दहा वर्षे चाललेल्या वेढ्याचा पुरावा कोणत्याही थरातून वर आलेला नाही.

असो. युद्ध झाले की नाही, या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा एक प्रश्न या उत्खननांनी आपल्यापुढे टाकला आहे, आणि तो नैतिक आहे. होमरचे वीर मरण पत्करतात ते अक्षय कीर्तीसाठी. आपले नाव पुढच्या पिढ्यांच्या ओठी राहावे, एवढीच त्यांची अमरत्वाची कल्पना. परंतु ज्या जगात ही कीर्ती पिकली त्या जगात आणखीही माणसे होती. त्यांचे काय झाले? आणि त्यांच्या वाट्याला जे आले त्याचा न्याय करण्याचा अधिकार, तीन सहस्र वर्षांनी जन्मलेल्या आपल्याला आहे काय?

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी पायलोसला जावे लागते. ग्रीसच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील हे स्थळ म्हणजे इलियडमधील वृद्ध, बोलघेवड्या नेस्टरची राजधानी. १९३९ च्या वसंत ऋतूत ब्लेगनने तेथे पहिला खंदक खणला आणि पहिल्याच दिवशी राजवाड्याच्या दप्तरखान्यावर कुदळ पडली. मातीच्या शेकडो पाट्या निघाल्या. त्यांवरील लिपी तीच होती, जी आर्थर इव्हान्सला १९०० साली क्रीट बेटावरील क्नोसस येथे सापडली होती आणि जिला त्याने ‘लिनिअर बी’ असे नाव दिले होते. लगेच महायुद्ध आले आणि वाचन रखडले. न्यूयॉर्कमधील प्राध्यापिका अ‍ॅलिस कोबर यांनी या लिपीतील शब्दांची रूपे बदलतात कशी, हे चिकाटीने दाखवून दिले. १९५० साली त्या निवर्तल्या. त्या पायावर उभे राहून १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने लिपीचे कुलूप उघडले. भाषा ग्रीक निघाली. खुद्द व्हेंट्रिसचाही तोवर तसा समज नव्हता. जॉन चॅडविक या भाषापंडिताच्या साहाय्याने त्याने हे वाचन पक्के केले आणि १९५६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तो मोटार अपघातात मरण पावला.

ही ग्रीक भाषा होमरहून सुमारे पाचशे वर्षांनी जुनी. साहजिकच सर्वांना आशा वाटली की आता होमरपूर्व काव्य हाती येईल, एखादी अकिलीजची आदिकथा तरी मिळेल. काव्याची एक ओळही निघाली नाही. निघाले ते हिशेब! मेंढ्या किती, तेल किती, रथांची चाके किती आणि त्यांतली मोडकी किती, कोणत्या गावाने किती कर भरला आणि किती थकवला. कारकुनांनी हे सर्व ओल्या मातीवर टोकदार काडीने लिहिलेले होते आणि ते टिकावे अशी कोणाचीही इच्छा नव्हती. वर्ष संपले की पाटी मोडायची, माती भिजवायची, नवी पाटी थापायची. इ. स. पूर्व ११८० च्या सुमारास राजवाड्याला आग लागली, त्या आगीत कच्च्या पाट्या भाजून विटेसारख्या पक्क्या झाल्या, म्हणून त्या अखेरच्या वर्षाचा हिशेब आपल्यापर्यंत पोहोचला. कीर्ती टिकविण्यासाठी ज्यांनी जीव दिला त्यांच्याविषयी इतिहास साशंक आहे, आणि जे वर्षभरात पुसले जाणार होते ते मात्र आज अथेन्सच्या संग्रहालयात आहे.

या पाट्यांत स्त्रियांची एक यादी आहे. यादी म्हणण्यापेक्षा याद्यांचा एक गठ्ठा आहे. पायलोस आणि त्याच्या आसपासच्या ठाण्यांत राजवाड्यासाठी राबणाऱ्या ७०० हून अधिक स्त्रिया आणि त्यांच्याबरोबरची शेकडो मुले त्यात नोंदलेली आहेत. सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, अंबाडीसारखा जवसाचा तागा सोलणाऱ्या, पीठ दळणाऱ्या, स्नानाचे पाणी ओतणाऱ्या. एका पाटीवर स्नानाचे पाणी ओतणाऱ्या ३७ स्त्रिया, त्यांच्या १३ मुली आणि १५ मुलगे आहेत. दुसऱ्या एका पाटीवर क्निडोसच्या २१ स्त्रिया, १२ मुली, १० मुलगे. पुढे शिधा मांडलेला आहे: गहू जितका, तितकीच अंजिरे, स्त्रीला दोन मापे, मुलाला एक.

क्निडोस हे नाव वाचताना थांबावे लागते. ते ग्रीसमध्ये नाही. ते आशिया मायनरच्या किनाऱ्यावर आहे. या याद्यांत मिलेटसच्या स्त्रिया आहेत, लेम्नॉस बेटाच्या स्त्रिया आहेत. म्हणजे ट्रॉयच्या वरखाली जो किनारा पसरलेला आहे, तेथूनच या स्त्रिया समुद्र ओलांडून आलेल्या आहेत. काही स्त्रियांच्या गटाला जो शब्द लावलेला आहे त्याचा अर्थ ‘लुटीत मिळालेल्या’ असा होतो, आणि लुटीसाठी होमर जो शब्द वापरतो त्याच्याशी तो सजातीय आहे. सर्व स्त्रिया युद्धकैदी होत्या असे म्हणता येत नाही. काही अभ्यासकांच्या मते त्यांत आश्रयाला आलेल्याही असाव्यात, काही बाजारातून विकत घेतलेल्या. लेम्नॉस हे होमरच्या काव्यातही माणसे विकण्याचे ठिकाण आहे. अकिलीजने प्रायमचा एक मुलगा पकडून तेथेच विकला होता, आणि तेथून वेढ्याच्या छावणीत द्राक्षमद्याची गलबते येत तेव्हा सैनिक ब्राँझ, कातडी, गुरे आणि गुलाम देऊन मद्य घेत. हित्ती सम्राटाच्या एका पत्रातही आपल्या मुलखातील ७००० माणसे अह्हियावाच्या बाजूला नेली गेल्याची तक्रार आहे. सर्व धागे एकाच दिशेला जातात.

यादीत या स्त्रियांची नावे नाहीत. केवळ आकडा आहे, आणि आकड्याच्या आधी स्त्रीचे एक छोटे चित्राक्षर. क्नोससच्या पाट्यांवर, म्हणजे वेगळ्या राजवाड्याच्या दप्तरात, काही स्त्रियांची नावे लिहिलेली आढळतात हे खरे. पण त्याच क्नोससच्या पाट्यांवर नांगराच्या बैलांच्या जोड्याही नावानिशी आहेत: एक चपळ, एक काळ्या, एक पांढऱ्या पायाचा. आपल्याकडचा शेतकरी ज्या मायेने बैलाला नाव ठेवतो, तीच माया. हे बैलाचे पांढऱ्या पायाचे नाव इलियडमध्ये हेक्टरच्या एका घोड्यालाही आहे. बैलाचे नाव महाकाव्यापर्यंत चालत आले. पायलोसच्या त्या ३७ स्त्रियांपैकी एकीचेही आले नाही.

याच गठ्ठ्यात आणखी एक पाटीमालिका आहे. तिच्यात मोठे झालेले मुलगे आहेत, आणि त्यांची ओळख ‘दळणाऱ्या स्त्रियांचे मुलगे’, ‘विणणाऱ्या स्त्रियांचे मुलगे’ अशी दिलेली आहे. होमरचा वीर ओळखला जातो तो पित्याच्या नावाने. अकिलीज म्हणजे पेलेउसचा पुत्र, अगमेम्नॉन म्हणजे अत्रेउसचा पुत्र. ही पितृनामे त्या काव्यात घंटानादासारखी घुमत राहतात. या मुलग्यांना बाप नाही. बाप कोठे आहे हे कारकुनाला ठाऊक नव्हते असे नव्हे, त्याच्या कामासाठी ते आवश्यक नव्हते.

कारकुनावर राग धरण्याचे कारण नाही. त्याने मोजले म्हणून निदान मुलाला त्याचे एक माप मिळाले असेल. दुष्टपणाचा लवलेशही त्या पाट्यांत दिसत नाही, आणि तेच त्यांत भयंकर आहे.

१९४० साली, फ्रान्स पडल्यानंतर, मार्सेय येथील एका नियतकालिकात इलियडवर एक निबंध टोपणनावाने प्रसिद्ध झाला. लेखिका होती सिमोन वेल. जन्माने ज्यू, ख्रिस्ताकडे ओढली गेलेली, तरीही चर्चच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ थांबून राहिलेली. तिचे म्हणणे असे की इलियडचा खरा नायक कोणी माणूस नसून बळ हा आहे, आणि बळाचे लक्षण म्हणजे ते माणसाला वस्तू करून टाकते. मारून तर करतेच, पण जिवंत ठेवूनही करते. गुलाम रडू शकतो तो केवळ धन्याच्या दुःखाच्या निमित्ताने, हे तिनेच त्या काव्यातून दाखवून दिले. १९४३ साली ती वारली. पायलोसच्या पाट्या तेव्हा मुक्याच होत्या. तिने जे केवळ काव्याच्या आधारे ताडले होते, त्याचा दफ्तरी पुरावा नऊ वर्षांनी उघडला: जिवंत माणूस वस्तू झाल्यावर त्याची नोंद कोणत्या अक्षरांत होते, हे आता आपण वाचू शकतो.

आता काव्याकडे वळू. होमरची काव्ये इ. स. पूर्व आठव्या-सातव्या शतकाच्या सुमारास आजचे रूप घेऊन उभी राहिली, आणि त्यांच्यामागे शतकानुशतकांच्या मौखिक गायनाची परंपरा होती. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील निरक्षर शाहिरांचे गायन ध्वनिमुद्रित करून, अशी परंपरा ठरीव शब्दबंधांच्या जोरावर कशी चालते, हे दाखवून दिले. अशा परंपरेत काय टिकावे आणि काय गळावे याचा नियम नाही. रानडुकराच्या सुळ्यांचे शिरस्त्राण, जे कवीच्या काळापूर्वी कित्येक शतके वापरातून गेले होते, ते इलियडमध्ये हुबेहूब टिकले. ब्राँझची शस्त्रे टिकली. रथ टिकले, पण युद्धात रथाचे काय करतात हे विसरले गेल्यासारखे दिसते. होमरचे वीर रथातून रणभूमीवर जातात आणि उतरून पायी लढतात, जणू टांग्याने आले! राजवाड्याचा अवाढव्य कारभार मात्र पार पुसला गेला. ओडिसिअस हा राजा खरा, पण त्याच्या दाराशी शेणखताचा ढीग आहे आणि त्याचा पलंग त्याने स्वतः सुतारकाम करून घडवला आहे. कारकून तर काव्यात एकही नाही. लेखनाचा उल्लेख साऱ्या इलियडमध्ये एकदाच येतो, आणि तोही एका घडीच्या पाटीवर कोरलेल्या घातक खुणांचा: ही पाटी आणणाऱ्याला ठार करावे, असा तिचा मजकूर.

जे काव्य एवढे विसरले, ते त्या स्त्रियांना विसरले नाही. याचे कारण स्मरणशक्ती हे नसावे. राजवाडे जळाले तरी लूट थांबली नव्हती. कवीला पाचशे वर्षे मागे जाण्याची गरज नव्हती, अशा स्त्रिया त्याच्या गावच्या पाणवठ्यावर येत असणार. अगमेम्नॉन आपल्या बंदिवान मुलीविषयी सांगतो की ती आर्गॉसमध्ये मागावर राबत आणि माझ्या शय्येवर येत म्हातारी होईल. हेक्टर आपल्या पत्नीला, अँड्रोमाकीला, सांगतो की ट्रॉयच्या पतनापेक्षा, आईबापांच्या मरणापेक्षा, मला एका विचाराने अधिक क्लेश होतात: तू परक्या घरी दुसरीच्या हुकमाने कापड विणशील, परक्या झऱ्यावरून पाणी वाहशील. विणकाम आणि पाणी! पायलोसच्या पाट्यांतील नेमकी तीच कामे. ब्रायसीइसच्या नवऱ्याला अकिलीजने मारले, तिचे तीन भाऊ एकाच दिवशी गेले, आणि ती त्याच अकिलीजच्या छावणीत त्याच्या मित्राच्या प्रेतावर पडून आक्रोश करते, कारण त्या मित्राने तिला रडू नकोस म्हटले होते. तिच्याभोवतीच्या इतर बंदिवान स्त्रिया वरवर त्या प्रेतासाठी रडतात, आतून प्रत्येकजण स्वतःच्या दुःखासाठी, असे कवी सांगतो. ‘ब्रायसीइस’ हेही खरे नाव नव्हे. त्याचा अर्थ ब्रायसिअसची मुलगी, एवढाच.

या कवीला किंमतही ठाऊक आहे. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या कुस्तीत जिंकणाऱ्याला १२ बैलांच्या किमतीची तिवई मिळते आणि हरणाऱ्याला ४ बैलांच्या किमतीची, अनेक कामांत निपुण असलेली एक स्त्री. ओडिसिअसची वृद्ध दाई युरिक्लिया २० बैलांना विकत घेतलेली होती. हे आकडे कवी कारकुनाइतक्याच शांतपणे सांगून पुढे जातो.

आणि तरीही ओडिसीच्या विसाव्या सर्गात एक प्रसंग आहे, ज्याच्यासाठी मला साऱ्या ग्रीक महाकाव्याचे ऋण मान्य करावेसे वाटते. (सिमोन वेल ओडिसीला इलियडच्या तुलनेत कमी लेखते; येथे तिच्याशी माझे जमत नाही.) ओडिसिअस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्या घरी आलेला आहे. पेनेलोपीशी लग्न करू पाहणारे १०० हून अधिक मातबर तरुण त्या घरात खात-पीत पडलेले आहेत. पहाटेची वेळ. घरात बारा स्त्रिया दळणाला लावलेल्या आहेत. अकरा जणी आपापला वाटा दळून निजल्या आहेत. एक, सर्वांत अशक्त, अजून दळतेच आहे. हे दळण आपल्या जात्यासारखे गोल फिरवायचे नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्या काळी सपाट दगडावर दुसरा दगड पाट्यावरवंट्यासारखा पुढेमागे रेटावा लागे, गुडघ्यांवर बसून, सारा भार खांद्यांनी देऊन. निरभ्र आकाशात गडगडाट होतो. ती हात थांबवते आणि देवाला विनवते की ज्यांच्या पिठासाठी माझे गुडघे मोडले त्यांचे आजचे जेवण शेवटचे ठरो.

आपल्या भाषेत दळणाऱ्या स्त्रीने ओव्यांचे भांडार मागे ठेवले आहे. ग्रीक दळणारीच्या मुखातील एवढे एकच वाक्य महाकाव्याने टिपले आणि तेही, भिकारी झालेल्या धन्याने ते ऐकले आणि त्याला तो शुभशकुन वाटला, म्हणून.

येथे माझा मूळ प्रश्न येतो. प्राचीन काळातील गुलामगिरीचा विषय निघाला की कोणीतरी समंजसपणे सांगतो, ‘त्या काळी तसेच होते, आजच्या मापाने कालची माणसे मोजू नयेत.’ या बोलण्यात तथ्य आहे. इतिहासाला पिंजऱ्यात उभे करून आपण स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणे सोपे असते, आणि त्यात आपले काहीच खर्च होत नाही. परंतु ‘त्या काळी’ म्हणजे कोणाच्या काळी? ज्याला बारा जणी दळून वाढत होत्या त्याचा तो काळ होता, तसाच दळणाऱ्या बाईचाही होता. ती आपल्या शतकातून तेथे गेलेली नव्हती. तिचे गुडघे त्या काळचे होते, आणि हे जे चालले आहे ते संपावे ही तिची प्रार्थनाही त्याच काळची. ‘काळाची नीती’ या नावाखाली आपण बहुधा फक्त जेवणाऱ्यांची नीती गोळा करतो. दळणाऱ्यांचे मत विचारायचे राहून जाते, कारण पाटीवर त्याला रकाना नव्हता.

तेव्हा होमरच्या जगाचा न्याय करण्यासाठी बाहेरून माप आणण्याची आवश्यकता नाही. माप त्या जगातच आहे, आणि कवीला ते ठाऊक होते. ट्रॉयच्या लाकडी घोड्याचे गीत ऐकताना ओडिसिअसला रडू फुटते, तेव्हा कवी उपमा देतो ती एका स्त्रीची: नगरापुढे पडलेल्या नवऱ्याला मिठी मारून ती रडते आहे आणि मागून शत्रूचे सैनिक भाल्यांनी टोचून तिला गुलामीकडे हाकलत आहेत. ज्याने ते नगर बुडवले त्याच्याच अश्रूंना त्याच नगरातील विधवेच्या अश्रूंची उपमा! हे चुकून झालेले नाही. अशी उपमा ज्याला सुचते त्याला ‘काळाचे बंधन’ म्हणून माफी मागून देण्याची गरज उरत नाही, आणि ती माफी त्याला मिळूही शकत नाही.

कारण याच कवीने दोन सर्गांनंतर बारा दासींना फाशी दिली आहे. घरातील पन्नास दासींपैकी बारा जणी त्या आगंतुक तरुणांबरोबर निजत होत्या, असे युरिक्लिया सांगते. त्यांच्याकडून आधी प्रेते उचलून घेतली जातात, मेजे आणि आसने धुऊन घेतली जातात, आणि मग टेलेमॅकस, ओडिसिअसचा मुलगा, त्यांना तलवारीचे स्वच्छ मरण नाकारून गलबताच्या दोरावर एका ओळीत लटकवतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा येते. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, असे कवी नोंदवतो. त्या ‘थोडा वेळ’ मध्ये करुणा आहे हे मी नाकारणार नाही. पण याच सर्गाच्या आरंभी ओडिसिअस त्या तरुणांवर आरोप ठेवतो तो कोणता? तुम्ही माझ्या घरातील दासींवर बळजबरी केलीत, हा. बळजबरी झाली हे धन्याला मान्य आहे, आणि जिच्यावर झाली तिलाच देहदंड आहे. या विसंगतीबद्दल काव्यात कोणी तोंड उघडत नाही. कवीही नाही.

एमिली विल्सन या विदुषींचा ओडिसीचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लक्ष वेधले आहे की फाशीच्या प्रसंगी मूळ ग्रीकमध्ये टेलेमॅकस त्या स्त्रियांना कोणतीही शिवी देत नाही. ‘या’ असे साधे स्त्रीलिंगी रूप आहे, आणि कुलटा, वेश्या वगैरे शब्द पुढच्या अनेक अनुवादकांनी पदरचे घातले आहेत. म्हणजे मूळ कवीने जेवढे केले नव्हते तेवढे सुशिक्षित काळाने करून ठेवले. इतर अनेकांनी उलट दिशेने सौम्य केले आणि तेथे ‘मोलकरीण’ हा शब्द घातला, जणू त्यांना महिना पगार मिळत होता. मराठीत आपण ‘दासी’ लिहितो, त्याचीही एक अडचण आहे. जनाबाईंनी तो शब्द स्वतःला लावून त्याला इतके गोड करून ठेवले आहे की त्यातला दोर आणि दगड आपल्याला जाणवत नाही. ख्रिस्ती वाचकाला तर तो आणखीच जवळचा. पायलोसच्या पाट्यांवर गुलाम स्त्रीसाठी ‘दोएरा’ हा शब्द आहे; तोच शब्द झिजून पुढच्या ग्रीकमध्ये ‘दूले’ झाला, आणि संत लूकच्या शुभवर्तमानात देवदूताला उत्तर देताना मरिया स्वतःसाठी जो शब्द वापरते तो हाच. ‘देवाची दोएरा’ असा शब्दप्रयोगही पायलोसच्या जमिनीच्या नोंदींत आढळतो. तेथेच एक हेक्टरही सापडतो. ट्रॉयचा युवराज नव्हे, जमिनीचा लहानसा तुकडा कसणारा ‘देवाचा दास’. मरियेने तो शब्द उचलला तेव्हा तो देवळातला अलंकार नव्हता. बाजारात ज्याला किंमत होती, असा तो शब्द होता. आपण त्याचे भाषांतर करताना ती किंमत वजा करतो, आणि मग होमरमधील दासी फासावर चढतात तेव्हा आपल्याला त्या कथेतील दुय्यम पात्रे वाटतात.

यावर कोणी म्हणेल की, मग हे काव्य वाचावे की नाही? वाचावे, आणि पाट्यांसह वाचावे. काव्य एकटे वाचले तर बंदिवान स्त्रीचे दुःख उदात्त होऊन बसते, त्याला लय येते, आणि ऐकणाऱ्याला रडण्याचे सुख मिळते. त्या काळी ते सुख घेणारे श्रोते मेजावर बसलेले होते, आणि त्यांच्यापुढची भाकरी कोणीतरी पहाटे दळलेली होती, हे पाट्या सांगतात. पाट्या एकट्या वाचल्या तर गहू, अंजीर आणि बेरीज एवढेच हाती लागते. स्त्रीच्या चित्राक्षरापुढील २१ हा आकडा २१ वेळा कोणी सोडून आलेले घर आहे, हे समजायला अँड्रोमाकी लागते.

त्या बारा दळणाऱ्या आणि फाशी गेलेल्या बारा, या एकच होत्या काय? काव्य सांगत नाही. संख्येचे साम्य योगायोगाचेही असेल, बारा ही कवीची आवडती संख्या आहे. त्या अशक्त बाईची प्रार्थना मात्र ऐकली गेली. त्या दिवसाचे जेवण त्या तरुणांचे शेवटचे ठरले. संध्याकाळी धनी स्वतःच्या घरात धनी झाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठाविषयी ओडिसीत काही नाही. पायलोसचा राजवाडा जळाला तेव्हा तेथील शिध्याच्या पाट्या लिहून तयार होत्या. स्नानाचे पाणी ओतणाऱ्या त्या ३७ स्त्रिया आणि त्यांची २८ मुले त्या आगीतून निघून कोणत्या बाजूला गेली, की गेलीच नाहीत, याची नोंद करायला त्यानंतर कारकून उरला नव्हता.